वजनाचा तोल साधला की इंजिन कुठेही लावलं तरी चालतं का?

नाही चालत. तुम्ही विचारलंय की गुरुत्वमध्य (ज्या बिंदूवर विमान तोललं जातं तो) जागेवर असेल तर इंजिन वर असो वा खाली, विमानाच्या नाकाला काय फरक पडणार? आमच्या मॉडेल विमानं उडवणाऱ्या मंडळीत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की लिहायला बसलोच.

इंजिनाच्या जागेवरून दोन गोष्टी ठरतात. त्याचं वजन कुठे पडतं आणि त्याचा जोर कुठल्या रेषेत लागतो. वजन शिशाचा तुकडा चिकटवून सावरता येतं, जोर नाही. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा, हलला की जोर बदलतो, शिसं आहे तिथेच बसून राहतं.

आमच्यातल्या एका ज्येष्ठ काकांनी पाण्यावर उतरणारं मॉडेल बांधलं होतं. पाणी उडू नये म्हणून मोटार वीतभर उंच खांबावर, पंखांच्या मागच्या कडेशी, ढकलणाऱ्या पंख्याची. म्हटलं, "काका, मोटार अशी सरळ नका ठेवू. जोर गुरुत्वमध्याच्या वरून लागतोय, थ्रॉटल दिला की नाक खाली जाईल." त्यांनी मॉडेल दोन बोटांवर तोलून दाखवलं. "बघ, जरा तरी कलतंय का?" मग पूर्ण थ्रॉटल देऊन हातातून सोडलं आणि ते सरळ गवतात घुसलं.

यावर काकांचा उपाय काय, तर शेपटीत शिसं. टेपने गुंडाळून, चांगलं ढेकूळभर. पुढच्या खेपेला पूर्ण थ्रॉटलवर विमान बऱ्यापैकी सरळ गेलं आणि काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका. उतरवायला त्यांनी थ्रॉटल ओढला. नाक दाबणारा जोर गेला, शेपटीतलं शिसं तिथेच. नाक आभाळाकडे गेलं, वेग संपला, एक पंख टाकून विमान कोसळलं. खांब बुडापासून उपटून निघाला. "वारा फिरला," काका म्हणाले. शेजारचं झुडूप हलत नव्हतं!

मोठ्या विमानांतही हेच. पंखाखाली लटकणारी इंजिनं जोर वाढवला की नाक वर करतात. १९ जुलै १९८९ ला अमेरिकेत डीसी-१० या तीन इंजिनांच्या एका प्रवासी विमानाच्या शेपटीतलं इंजिन फुटलं आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या, म्हणजे पंख-शेपटीच्या झडपा हलवणंच बंद पडलं. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचे थ्रॉटल कमी-जास्त करत ते सू सिटीला धावपट्टीपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. जोराच्या रेषेने नाक हलत नसतं तर हे जमलंच नसतं. शेपटीकडे इंजिनं असलेल्या विमानांची गंमत उलटी, तिथे वजन छळतं. इल्युशिन-६२ हे रशियन प्रवासी विमान रिकामं उभं असताना मागे बसू नये म्हणून शेपटीखाली टेकू लावतात.

बोइंगच्या ७३७ मॅक्स विमानाचं नाव निघेलच, आणि तिथे लोक हमखास घोळ करतात. नव्या इंजिनाच्या पंख्याचा व्यास सुमारे १७६ सेंमी, आधीच्या पिढीत १५५. जमिनीला लागू नये म्हणून ते पुढे आणि वर सरकवलं. वर सरकवल्याने जोराची रेषा उलट गुरुत्वमध्याच्या जवळ आली. दुखणं वेगळं होतं: नाक बरंच वर असताना इंजिनाचं ते मोठं, पुढे आलेलं आवरणच हवेत उचल धरायला लागलं आणि नाक आणखी वर ढकलायला लागलं. त्यावर उतारा म्हणून एमसीएएस, म्हणजे नाक आपोआप खाली ढकलणारी संगणक प्रणाली, आली, तीही एकाच सेन्सरवर विसंबलेली. २०१८ आणि २०१९ चे दोन अपघात त्यातूनच झाले.

तुमचं मॉडेल असेल तर आधी थ्रॉटल बंद करून तरंगू द्या, तेव्हाच ट्रिम लावा, म्हणजे विमान आपोआप सरळ जाईल अशी शेपटीची झडप जुळवा. मग थ्रॉटल द्या. आता नाक हललं तर दोष रेषेचा. मोटारीच्या बुडाखाली वॉशर सारून रेषा गुरुत्वमध्याकडे वळवा आणि शिशाला हात लावू नका, समोरचा वयाने कितीही मोठा असो.

एक सांगायचं राहिलं. पंख्याचा झोत शेपटीवर आपटत असेल तर त्याचाही परिणाम होतो, त्यामुळे नाकावर मोटार असलेल्या मॉडेलला हे गणित जसंच्या तसं लागू करू नका. आणि एअरबसच्या नव्या विमानांत बसून "मला तर नाक वर गेलेलं जाणवलं नाही" म्हणू नका, तिथे संगणक ते परस्पर निस्तरतो.