मे महिन्यातले जॅकेट

"मला घाम फार येतो. हे सगळे माझ्या मनाचे खेळ असतील का?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून वर्षातून अनेकदा माझ्यासमोर येतो आणि विचारणारी व्यक्ती तो बहुतेक वेळा सर्वांत शेवटी विचारते. आधी नोकरी बदलायची आहे, लग्नाची बोलणी नकोशी वाटतात, चार माणसांत जावेसे वाटत नाही अशी दुसरीच कारणे पुढे येतात; घामाचा विषय निघतो तो उठता उठता, रुमाल मुठीत दाबून धरलेला असताना. या प्रश्नाचे उत्तर मला ज्यांच्यामुळे नीट देता येऊ लागले, त्या एका शिक्षिकेची ही हकीकत मी त्यांच्या संमतीने लिहीत आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना आपण मृणाल म्हणू.

मृणाल २८ वर्षांच्या होत्या आणि ठाण्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवत होत्या. त्या पहिल्यांदा आल्या तो मे महिना होता आणि त्यांच्या अंगात पूर्ण बाह्यांचे काळे जॅकेट होते. मे महिन्यातली ठाण्याची दमट दुपार ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना यापुढे काही सांगायची गरज नाही. मी पंखा वाढवला, पाणी दिले आणि जॅकेट काढून बसायला सुचवले. त्यांनी ते अधिकच आवळून घेतले. वर्गात फळ्यावर लिहिण्यासाठी हात वर केला की काखेतला ओला डाग मुलांना दिसतो, म्हणून त्या फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहीत असत. मागच्या बाकांवरच्या मुलांना ते दिसत नसे आणि तशी तक्रार वर्गशिक्षिकेपर्यंत गेली होती. भूमितीचा मोठा लाकडी कंपास दोन्ही हातांनी धरावा लागतो, म्हणून त्या आकृत्या रात्री घरी कागदावर काढून आणत. हे सांगताना त्यांना स्वतःच्या कल्पकतेचे थोडे कौतुकही वाटत असावे, असे मला वाटले, आणि ते रास्तच होते.

येथे माझी चूक सांगणे भाग आहे. माणसे, वर्ग, नजरा आणि घाम एवढे शब्द ऐकल्याबरोबर मी तो घाम भीतीचे लक्षण म्हणून मांडून मोकळी झाले. पुढच्या तीन भेटींत मी त्यांना संथ श्वसन आणि स्नायू सैल सोडण्याचे व्यायाम शिकवले. गणिताच्या शिक्षिकेला शोभेल अशा काटेकोरपणे त्यांनी ते केले, वहीत नोंदी ठेवल्या आणि चौथ्या भेटीत ती वही माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "मॅडम, रविवारी दुपारी घरी एकटी टीव्ही पाहत बसलेली असतानाही माझे तळहात ओले असतात. तेव्हा मी कोणाला घाबरत असते?"

जे प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते, ते मी त्या दिवशी विचारले. घाम कधीपासून येतो? आठवीत असल्यापासून. दोन्ही बाजूंना सारखाच येतो का? हो, दोन्ही तळहात, दोन्ही तळपाय, दोन्ही काखा. झोपेत येतो का? नाही, सकाळी उठल्यावर हात कोरडे असतात. घरात आणखी कोणाला हा त्रास आहे का? यावर त्या हसल्या. त्यांचे वडील एस.टी.त वाहक होते आणि हातातली कागदी तिकिटे भिजून एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मनगटाला कायम एक पंचा गुंडाळून ठेवत. आईने संसारभर ते पंचे धुतले, पण घरात त्याला आजार म्हणून कोणी ओळखले नाही. "यांचा हात ओला" एवढेच त्याचे नाव होते.

लहान वयात सुरू झालेला, दोन्ही बाजूंना सारखा, झोपेत थांबणारा आणि घराण्यात चालत आलेला घाम हा बहुधा प्राथमिक अतिस्वेदाचा, म्हणजे दुसऱ्या कोणत्या आजारामुळे नसलेल्या जास्त घामाचा, प्रकार असतो. त्यात घर्मग्रंथी निरोगीच असतात; त्यांना चालना देणाऱ्या चेतातंतूंकडून मात्र गरजेपेक्षा जास्त संदेश येत राहतात. तळहात, तळपाय आणि काखा या ठिकाणच्या ग्रंथी भावनांनाही लगेच प्रतिसाद देतात, त्यामुळे भीतीने हा घाम वाढतो हे खरे आहे. पण भीती नसती तर तो आलाच नसता, असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. मृणाल यांच्या बाबतीत घाम आधीचा आणि भीती नंतरची होती. कोणी हसले, कोणी हात झटकून पुसला, अशा प्रसंगांवर ती वाढली होती. याउलट रात्री कपडे भिजवणारा घाम, सोबत ताप, खोकला किंवा घटणारे वजन, एकाच बाजूचा घाम, किंवा मोठेपणी अचानक सुरू झालेला सर्वांगाचा घाम असेल, तर समुपदेशकाकडे वेळ न घालवता आधी डॉक्टरांकडे जावे, कारण त्यामागे थायरॉइड, मधुमेह, क्षयरोग असे काहीही असू शकते. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही घाम वाढतो. अशा वेळी गोळी मनाने बंद करू नये, ज्यांनी ती दिली त्यांना सांगावे.

मृणाल यांना मी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. तोवर त्यांनी डिओडरंटवर बराच पैसा घालवला होता, पण डिओडरंट वासावर काम करते, घाम थांबवत नाही. घामाला स्वतःचा वास जवळपास नसतो. काखेतले जिवाणू तो तयार करतात. डॉक्टरांनी काखेसाठी २० टक्के ॲल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण दिले. ते झोपण्यापूर्वी पूर्ण कोरड्या त्वचेवर लावायचे आणि सकाळी धुवायचे असते, कारण रात्री घाम थांबलेला असतो आणि औषधाला ग्रंथींच्या तोंडाशी बसायला अवकाश मिळतो. पहिल्या आठवड्यात त्यांना भयंकर आग झाली आणि उपचार सोडून द्यावेत असे वाटले. चौकशी केल्यावर कळले की त्या रात्रीच्या अंघोळीनंतर लगेच, ओलसर त्वचेवर ते लावत होत्या; पाण्याशी संयोग होऊन त्यातून आम्ल तयार होते आणि तेच त्वचा जाळते. अंघोळ संध्याकाळी उरकून घेतल्यावर आग थांबली. तळहातांसाठी पाण्याच्या उथळ तबकात हात बुडवून त्यातून सौम्य वीजप्रवाह सोडण्याचा उपचार सुरू झाला. सुरुवातीला आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी साधारण २० मिनिटे. तो सोडला की काही आठवड्यांत घाम पुन्हा पूर्वपदावर येतो, हेही त्यांना स्पष्ट सांगितले गेले. बोटॉक्सची इंजेक्शने काही महिने उपयोगी पडतात, पण ती खर्चिक असतात आणि तळहातावर चांगलीच दुखतात. घाम कमी करणाऱ्या गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते, आणि दिवसाला सहा तास घेणाऱ्या शिक्षिकेला ती परवडणारी नव्हती. वडिलांचा आग्रह "एकदाच काय ते ऑपरेशन करून टाका" असा होता. छातीतील चेतातंतू तोडण्याच्या त्या शस्त्रक्रियेनंतर हात कोरडे होतात, मात्र पुष्कळांना पाठीवर आणि पोटावर नव्याने घाम फुटू लागतो आणि तो परतवता येत नाही, हे डॉक्टरांनी समजावल्यावर घरातला तो विषय मिटला.

आता कपड्यांविषयी, कारण आमच्या पाच-सहा भेटी त्यातच गेल्या आणि त्याचा मला मुळीच पश्चात्ताप नाही. समुपदेशनात कपड्यांचे काय काम, असे माझ्या एका सहकाऱ्याने विचारले होते. ज्या बाईची सकाळ कपाटासमोर पाऊण तास रडवेली होऊन जाते, तिच्याशी कपड्यांविषयी बोलू नये तर कशाविषयी बोलावे?

मृणाल यांच्या कपाटात पिस्ता, राखाडी आणि आकाशी रंगाचे कुर्ते होते, आणि ओलाव्याचा डाग सर्वांत ठळक दाखवणारे रंग हेच. पांढरा, काळा, गडद निळा आणि बारीक छपाईचे कापड डाग पुष्कळसा झाकतात. रेशमी व साटिनसारखे चकचकीत कापड तो लपूच देत नाही. मी त्यांना एक सोपी परीक्षा सांगितली: शिंप्याकडच्या उरलेल्या तुकड्यावर ओले बोट टेकवावे आणि रंग किती बदलतो ते पाहावे. त्यांनी ती एवढी मनावर घेतली की पुढच्या भेटीला १४ तुकड्यांचा तक्ताच करून आणला; प्रत्येक तुकडा वाळायला किती मिनिटे लागली, तेही त्यात लिहिले होते. सुती म्हणजे चांगले हे सरसकट खरे नाही, हे त्यावरून दिसत होते. जाड सुती कापड घाम पिते पण तासन्तास ओले राहते; मलमल किंवा पातळ खादी लवकर वाळते. पुरुषांनाही मी हेच सांगते, आणि सोबत हेही, की शर्टाखाली सँडो बनियन घालून काखेतला घाम टिपला जात नाही, कारण तिथे कापडच नसते. त्यासाठी बाह्यांचा बनियन हवा.

शिंपीणबाईंकडे जाऊन त्यांनी ब्लाउज आणि कुर्त्यांचे मुंढे मोकळे करून घेतले, कारण काखेत घट्ट बसलेले कापड सतत त्वचेला टेकून भिजते. सुती अस्तराचे अर्धगोल तुकडे दुमडून, टिचबटणांनी आतून बसवता येतील अशी गादी शिंपीणबाईंनी स्वतःच्या डोक्याने तयार करून दिली. मधल्या सुट्टीत ओली काढायची आणि कोरडी लावायची. बाजारात चिकटणारी तयार पॅडही मिळतात, पण मृणाल यांच्या ओल्या त्वचेजवळ ती दुपारपर्यंत सुटून येत. कपड्यांवर पडणारे पिवळे डाग घाम आणि ॲल्युमिनियमयुक्त प्रसाधने यांच्या संयोगातून येतात आणि ब्लीच टाकल्यास ते अधिक गडद होऊ शकतात, ही माहिती त्यांच्या आईला सर्वांत उपयोगी वाटली. पायांसाठी दोन चपलांचे जोड आलटून पालटून, म्हणजे प्रत्येकाला वाळायला एक दिवस. वह्या तपासताना तळहाताखाली सुती रुमाल.

हे सर्व जमले तरी जॅकेट अंगावर होतेच, आणि माझे खरे काम तिथे सुरू झाले. घामासाठी आपण जे काही वापरतो त्यातले काही सोयीसाठी असते आणि काही लपण्यासाठी; वस्तू तीच असली तरी फरक पडतो. मी त्यांना विचारले, "समजा, काखेतल्या गाद्या घरी विसरल्या, तर शाळेत जाल का?" थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "जाईन, चिडचिड होईल." "आणि जॅकेट विसरले तर?" त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मुलुंडहून परत फिरले आहे एकदा."

घाम लपवण्याच्या अशा सवयींचा तोटा हा, की मनातल्या भाकिताची परीक्षा कधी होतच नाही. मुले हसतील, मान राहणार नाही, हे मृणाल यांचे भाकीत सहा वर्षे तसेच पडून होते. शिवाय जॅकेटने उष्मा वाढून घाम वाढत होता, हे वेगळेच. आम्ही भाकीत आधी कागदावर लिहिले: "सातवी ब मधल्या ५२ पैकी किमान ३० मुलांचे लक्ष काखेकडे जाईल, निदान पाच जण बोलतील." मग एका तासाला जॅकेट शिक्षक खोलीत ठेवायचे, फळ्याच्या वरच्या कडेपासून लिहायचे, आणि तासभर स्वतःच्या काखेवर असलेले लक्ष मुलांच्या चेहऱ्यांवर न्यायचे, असे ठरले. कोणी काही विचारलेच तर द्यायचे उत्तरही आम्ही तयार केले, त्यात क्षमायाचना किंवा लांबण नको यावर माझा कटाक्ष होता: "हो, मला घाम जास्त येतो. पुढचे उदाहरण घ्या."

तो तास शुक्रवारी झाला. एका मुलाने विचारले. मृणाल यांनी ठरलेले उत्तर दिले, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे जरा जास्तच मोठ्याने. मुलगा म्हणाला, "मग टीचर, पंख्याखाली उभ्या राहा ना." बाकी ५१ जणांनी घामाविषयी काही म्हटले नाही; मागच्या बाकावरून एकाने "आज दिसतंय" असे म्हटले, ते फळ्याविषयी होते. सगळे वर्ग इतके सभ्य नसतात. नववीत एकाने नाक दाबून दाखवले, आणि तो आठवडा त्यांना अवघड गेला. त्या आठवड्यात आम्ही नाक दाबणाऱ्या मुलाविषयी कमी आणि आठवीतल्या मृणालविषयी जास्त बोललो, जिच्या उत्तरपत्रिकेवरची शाई पसरल्याबद्दल तिला वर्गासमोर उभे केले गेले होते.

लग्नाच्या बोलण्यांत हे आधी सांगावे की नाही, हा प्रश्न त्यांच्या आईने विचारला. उत्तर मृणाल यांनीच दिले: पहिल्या चहाच्या वेळी नाही, पण दोघांनी एकमेकांना भेटायचे ठरवल्यावर त्या स्वतः सांगतील, आईने सांगायचे नाही.

वर्ष उलटल्यावर त्यांचा फोन आला. तळहातांच्या उपचाराचे वेळापत्रक परीक्षेच्या पेपर तपासणीत बिघडले होते आणि हात पुन्हा ओले राहू लागले होते, तेव्हा तारखा नव्याने बांधून घेतल्या होत्या. दुसरी बातमी अशी, की शाळेत शिक्षिकांच्या साड्यांना नवा रंग ठरत होता आणि आकाशी रंग जवळजवळ नक्की झाला होता. सभेत त्यांनी हात वर करून, घाम दिसतो म्हणून हा रंग नको, असे सरळ सांगितले. त्यावर आणखी तीन जणींनी लगेच दुजोरा दिला, त्यातल्या एक पर्यवेक्षिका होत्या. साडी गडद निळी ठरली. काठ मात्र मृणाल यांना अजिबात आवडलेला नाही.