केस अजून गळतायत, तर केसांचं ट्रान्सप्लांट डोक्याच्या पुढच्या भागात करावं की भोवऱ्यावर?

पुढे करा, भोवरा तूर्त सोडा. तुमचं वय २६, कपाळाचे कोपरे मागे सरकलेत, भोवऱ्याची त्वचा दिसायला लागलीय आणि क्लिनिकवाले ३००० ग्राफ्ट (म्हणजे मुळासकट काढलेले एक ते चार केसांचे पुंजके) दोन्हीकडे वाटून लावू म्हणतायत, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही. चाळिशीत स्वतःचं करून घेतलंय आणि तेव्हा भोवऱ्याला हात लावू दिला नाही.

लावलेले केस सहसा डोक्याच्या मागच्या आणि बाजूच्या पट्ट्यातूनच येतात. तिथून काढून कुठेही लावले तरी ते टिकतात, हे न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये दाखवलं आणि हा सगळा धंदा त्यावर उभा राहिला. पण जिथून काढले तिथे पुन्हा उगवत नाहीत. बहुतेकांच्या पट्ट्यातून जन्मभरात साधारण ४००० ते ६००० ग्राफ्ट निघतात. त्यातले ३००० तुम्ही २६व्या वर्षीच संपवणार, आणि टक्कल कुठवर जाणार हे अजून कळलेलंही नाही. अंथरूण पाहून पाय पसरायचे ते इथे.

आता भोवऱ्याचं गणित बघा. ८ सेंटीमीटर व्यासाचा गोल म्हणजे सुमारे ५० चौरस सेंटीमीटर. एका चौरस सेंटीमीटरला ४० ग्राफ्ट धरले तर तिथेच २००० गेले. पुढच्या काही वर्षांत तोच गोल १२ सेंटीमीटरचा झाला तर क्षेत्रफळ ११३. म्हणजे मधे लावलेल्या केसांचं बेट आणि भोवती टकलाचं कडं. ते कडं भरायला पुन्हा ग्राफ्ट हवेत, आणि कडं वाढतच राहतं. शिवाय भोवऱ्यात केस चहूबाजूंना फिरतात, एकावर एक पडत नाहीत, त्यामुळे तेवढ्याच ग्राफ्टमध्ये तिथे झाकलं कमी जातं. पुढचे केस मागे विंचरले की निम्म्या डोक्यावर येतात. आणि आरशात, फोटोत दिसतं ते पुढचंच. भोवरा मागच्या सीटवरच्या माणसाला दिसतो, दिसू दे.

दुसरं, फिनास्टराइड आणि मिनॉक्सिडिल या केसगळतीवरच्या औषधांचा गुण भोवऱ्यावर चांगला येतो. म्हणजे जिथे ग्राफ्ट वाया जातात तिथे औषध काम करतं. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून, फिनास्टराइडचे लैंगिक दुष्परिणाम नीट विचारून घेऊन मगच सुरू करा, आणि निदान वर्षभर बघा. गळती थांबली की नाही हे त्यातून कळेल. ट्रान्सप्लांट झालं म्हणून औषध सोडू नका, कारण लावलेल्या केसांच्या मागचे तुमचे मूळ केस गळतच राहतात. ते गेले की कपाळावर केसांची एक पट्टी आणि मागे मोकळं मैदान, असं होतं. म्हणून कपाळावरची केसांची ओळ लावताना तिच्या मागच्या विरळ भागातही ग्राफ्ट पसरून लावायला सांगा.

ओळ मात्र खाली आणू नका. माझ्या डॉक्टरांनी मार्करने रेघ मारली, टेप लावून भुवयांच्या मधल्या जागेपासून आठ सेंटीमीटर मोजून दाखवले. मी जरा खाली घ्या म्हटल्यावर हसून म्हणाले, "साठीत शाळेतल्या पोराचं कपाळ घेऊन फिरणार का?" कोपरेही पूर्ण भरले नाहीत. वय वाढलं की कोपरे थोडे आत जातातच, त्यात वाईट काही दिसत नाही.

वडील आणि मामा, दोघांचीही डोकी बघून घ्या. फक्त आईकडून येतं हा गैरसमज आहे. त्यांच्यात कोणाचं टक्कल कानांच्या वरपर्यंत उतरलं असेल, तर डॉक्टरांना भिंगाखाली तुमचा मागचा पट्टा तपासायला सांगा. तिथेही केस बारीक व्हायला लागले असतील, तर पुढेसुद्धा ट्रान्सप्लांट करू नका.