कोब्यावरची पिल्ले आणि लोहाचे इंजेक्शन

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: डुकराच्या पिल्लांना तिसऱ्या दिवशी लोहाचे इंजेक्शन देणे खरोखर आवश्यक आहे की तो औषधविक्रेत्यांचा धंदा आहे, आणि द्यायचेच असेल तर एकदा पुरते की दोनदा. आपला गोठा कोब्याचा असेल तर इंजेक्शन आवश्यकच आहे. "आजोबांच्या काळी कोणी इंजेक्शन देत नव्हते" असे आपण पुढे लिहिले आहे. नेमके हेच वाक्य आमच्या घरात माझ्या थोरल्या बंधूंनी उच्चारले होते आणि त्याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचे गाव सावंतवाडी तालुक्यात आहे. आजीच्या काळी परसात दोन गावठी माद्या असत आणि त्या दिवसभर माडांखाली उकरत फिरत. 2016 साली मी त्या जागी कोबा घातलेला, उताराचा, नळाच्या पाण्याने धुता येणारा गोठा बांधला आणि यॉर्कशायर जातीच्या माद्या आणल्या. पहिली मादी व्यायली तेव्हा अकरा पिल्ले झाली. इंजेक्शनाचा विषय निघाला तेव्हा दादांचे म्हणणे असे पडले की आपली माती तांबडी आहे, पाण्यातही लोह उतरते, आणि एवढी काळजी वाटतच असेल तर मादीला लोहाचे टॉनिक पाजावे, ते दुधातून पिल्लांना मिळेल. मी त्यांचे ऐकले.

दहाव्या दिवसापासून पिल्लांचे कान पांढरे पडू लागले, केस राठ झाले, हगवण लागली. पंधराव्या दिवशी वेतातले सर्वांत थोराड पिल्लू दुपारी अंगावर पिऊन उठले आणि चार पावलांवर कोसळले. ते जास्त प्यायल्यामुळे गेले, असे दादा म्हणाले. पुढच्या पाच दिवसांत आणखी तीन गेली आणि उरलेली थोडे पळाली तरी धापा टाकू लागली. पशुवैद्यांनी एक पिल्लू उघडून दाखवले तेव्हा रक्त पाण्यासारखे पातळ होते आणि हृदय मोठे झालेले होते. सर्वांत थोराड पिल्लूच आधी का गेले, हे मला त्या दिवशी कळले: जे वेगाने वाढते त्याला रक्तही वेगाने वाढवावे लागते, आणि लोह तर सगळ्यांकडे सारखेच तुटपुंजे असते.

यामागचा हिशेब साधा आहे. पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या अंगात सुमारे 40 ते 50 मिलिग्रॅम लोह असते. त्याची रोजची गरज सुमारे 7 मिलिग्रॅम असते आणि आईच्या दुधातून रोज जेमतेम 1 मिलिग्रॅम मिळते. मादीला कितीही लोह चारले तरी ते दुधात नाममात्रच वाढते. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे मॅकगोवन आणि क्रायटन या संशोधकांनी पिल्लांचा हा पंडुरोग (रक्तक्षय) लोहाच्या कमतरतेमुळे होतो असे 1923 च्या सुमारास मांडले होते, म्हणजे आमचा वाद सुरू होण्याच्या नव्वद वर्षांपूर्वीच त्याचे उत्तर उपलब्ध होते.

तांबड्या मातीविषयीही स्पष्टच सांगते. मातीला तांबडा रंग देणारे लोह बहुतांशी ऑक्साइडच्या स्वरूपात, म्हणजे गंजाच्या जातीचे असते, आणि ते आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. आजीची पिल्ले जगली, कारण ती पाच-सहाच असत, सावकाश वाढत, आणि जन्मल्यापासून माती, मुळे, पालापाचोळा, आईचे शेण अशा सगळ्यांत तोंड घालत. मी गावठी मादीच्या जागी दुप्पट पिल्ले देणारी मादी आणली, माती बंद केली आणि दिवसातून दोनदा शेण धुऊन काढले. लोह मिळण्याचे प्रत्येक दार मीच लावून घेतले होते. म्हणून इंजेक्शन हा धंदा आहे असे म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. कोबा आपण घातला आहे, तर त्याची भरपाईही आपणच केली पाहिजे.

पुढच्या वेतापासून मी तिसऱ्या दिवशी मानेच्या स्नायूत 200 मिलिग्रॅम आयर्न डेक्स्ट्रान, म्हणजे लोहाचे इंजेक्शन, देऊ लागले आणि पांढरे पडलेले पिल्लू त्यानंतर पाहिले नाही. मागच्या मांडीत देऊ नये. तिथे मज्जातंतूला इजा होऊ शकते आणि मांसावर डाग राहतो. पहिला दिवस चिकासाठी मोकळा सोडावा, कारण डुकराच्या पिल्लाला गर्भात आईकडून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत, ती चिकातूनच येतात.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, त्या सांगते. मात्रा वाढवून फायदा होत नाही. जादा लोह आतड्यातल्या आणि रक्तातल्या जंतूंच्या उपयोगी पडते, आणि मादीच्या खाद्यात ई जीवनसत्त्व व सेलेनियम कमी असेल तर नेहमीची मात्राही पिल्लांना घातक ठरू शकते. पोलंडमधील संशोधकांनी 2010 मध्ये दाखवले की एकदम मोठी मात्रा दिली की यकृतातून हेप्सिडिन हे संप्रेरक वाढते आणि लोहाचे शोषण व वापरच अडतो. कमी मात्रा दोन हप्त्यांत देणे त्यांना अधिक योग्य वाटले. तेव्हा एकदा की दोनदा, हे आपल्या पशुवैद्यांनी तिसऱ्या आठवड्यात दोन-तीन पिल्लांचे हिमोग्लोबिन तपासून ठरवावे. ते 100 मिलिलिटरला 11 ग्रॅमच्या आसपास असेल तर दुसऱ्याची गरज नाही, 8 च्या खाली असेल तर पहिलेच कमी पडले आहे.

दादांच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मादीला लोह चारले तर तिच्या शेणातून थोडे लोह पिल्लांच्या तोंडी जाते, असे प्रयोगांत आढळले आहे. दुधातून मात्र जात नाही, आणि त्यांचा दावा दुधाचाच होता.