मोदक का आले नाहीत?

वडगाव शेरीच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

"मावशी, आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू घसरून पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. मी दवाखान्यात सूप घेऊन गेले. त्यांच्या वेदना बघवेनात, म्हणून डोक्यावर हात ठेवून येशूच्या नावानं मोठ्यानं प्रार्थना केली. निघताना उशीखाली सुवार्तेची पत्रिका ठेवली. दोन दिवसांनी त्यांच्या सुनेनं डबा घासूनपुसून परत आणला, आत तीच पत्रिका. गेली अकरा वर्षं गणपतीत काकूंकडून मोदक यायचे, तेही नैवेद्य दाखवण्याआधी माझ्यासाठी बाजूला काढलेले, कारण मी प्रसाद घेत नाही हे त्यांना ठाऊक. यंदा आले नाहीत. चर्चच्या मंडळीतल्या बहिणी म्हणतात, ख्रिस्तासाठी छळ सोसावाच लागतो. नवरा म्हणतो, धर्म घरात ठेव. मी गप्प बसू का?"

बाळ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या मोदकांपाशीच थांबले. चतुर्थीची सकाळ डोळ्यांसमोर आण. उकड हाताला चटके देतेय, घर पाहुण्यांनी भरलंय, आरती खोळंबलीय, आणि त्या धांदलीत काकू पाच-सहा मोदक वेगळ्या ताटलीत काढून झाकून ठेवतात. बाप्पाच्या आधी! नैवेद्याआधी पदार्थ बाजूला काढणं तशा घरात किती जड जातं, ते कुठल्याही जुन्या गृहिणीला विचार. तू मागितलं नव्हतंस. तुझ्या मनाला टोचू नये म्हणून त्या बाईंनी अकरा वर्षं स्वतःच्या रीतीला मुरड घातली.

आणि त्या कूस बदलू शकत नव्हत्या तेव्हा तू त्यांना एका शब्दानं विचारलं नाहीस. शेजारच्या खाटांवरचे लोक बघत होते. "नको" म्हणावं तर सूप घेऊन आलेल्या पोरीचा अपमान, गप्प राहावं तर मनाला पटत नाही. काकूंची ही कोंडी मला फार लागली.

म्हणून मंडळीतल्या बहिणींचं म्हणणं मला मान्य नाही. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय उघड. ख्रिस्ताच्या नावासाठी निंदा झाली तर तुम्ही धन्य, असं तो सांगतो खरं. पण लगेच पुढच्याच, पंधराव्या वचनात खुनी आणि चोर यांच्या रांगेत तो दुसऱ्याच्या कामात लुडबूड करणाऱ्यालाही बसवतो. त्याला भोगावं लागलं तर ते ख्रिस्तासाठी भोगलं असं होत नाही. वधस्तंभाच्या संदेशाला कुणी अडखळलं तर त्याला आपला इलाज नाही, प्रेषित पौलानंही ते लिहून ठेवलंय. काकू त्या संदेशापर्यंत पोचल्याच नाहीत गं. त्या उशीपाशीच अडखळल्या.

नवऱ्याचंही मला पटत नाही. धर्म आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क घटनेच्या कलम 25 नं सगळ्यांना दिलाय, पण शेजाऱ्याच्या दारात आपण हक्काचा कागद घेऊन जात नाही. मला काळजी वेगळीच आहे. ज्यानं आपलं आयुष्य सावरलं त्याचं नाव जिवलगांसमोर कधीच न घेणं, हीसुद्धा एक प्रकारची लपवाछपवी झाली. मी शाळेत शिकवायचे तेव्हा रोज डबा उघडण्याआधी क्षणभर डोळे मिटायचे. बऱ्याच वर्षांनी एका सहकारी बाईंनी विचारलं, "रोज काय म्हणता हो मनात?" त्या दिवशी मधली सुट्टी संपेपर्यंत आम्ही बोलत होतो. पेत्र तेच सांगतो: जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार राहा, आणि ते सौम्यपणे द्या. तू सौम्य होतीस, मला शंका नाही. पण काकूंनी विचारलं कुठे होतं?

आपल्या पुण्याला या गोष्टीची जुनी ओळख आहे. 1890 साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि इतर बड्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. पुढे नावं वर्तमानपत्रात छापली गेली, बहिष्काराचा वाद पेटला, रानड्यांसारख्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कपावरून! त्याच शहरात आज एक बाई तुझ्यासाठी मोदक वेगळे काढते. हा विश्वास मिळवायला किती पिढ्या गेल्या, याचा विचार कर.

ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणायचे, तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्तापाशी आलो. ज्या पुलावरून आले, तो त्यांनी मोडला नाही. अभंगातच ख्रिस्त गायिला. पौल अथेन्सला गेला तेव्हा तिथल्या मूर्ती पाहून त्याचा जीव तळमळला होता, तरी बोलायला उभा राहिला तो "तुम्ही फार धर्मशील आहात" इथून. काकूंच्या भक्तीबद्दल तुला मनापासून काही चांगलं वाटतं का? वाटत असेल तर आजवर त्यांना सांगितलंयस का?

आता जा. पत्रिका नको, डबा नको. सून घरी असेल अशी वेळ बघ, कारण तिलाही ऐकू दे. एवढंच म्हण: "काकू, तुम्ही अंथरुणाला खिळलेल्या असताना मी चार लोकांत न विचारता प्रार्थना केली, न सांगता उशीखाली कागद ठेवला. चुकलं माझं." पुढे "पण माझा हेतू..." असं काही जोडू नकोस. येशूवरच्या विश्वासाबद्दल माफी मागायची नाही, तशी अपेक्षाही काकू करणार नाहीत. त्यांनी काही विचारलं तर सरळ, थोडक्यात सांग. नाही विचारलं तर खुब्याची चौकशी कर आणि ऊठ. प्रार्थना घरी कर, रोज कर, नाव घेऊन कर. पुढे कधी त्यांच्यासमोर करावीशी वाटली तर आधी विचार, आणि नको म्हणाल्या तर चेहरा पाडू नकोस.

कदाचित सून लगेच विरघळणार नाही. तिचा राग सासूच्या मायेपोटी आहे, तो तिला राहू दे.

नाताळच्या फराळाला करंज्या करशीलच. काकूंना डिसेंबरातही जिना चढवणार नाही, तेव्हा ताट घेऊन तूच खाली जा.

— तुझी मावशी