'अतिचंचल'मधला 'अति' आधी काढा

प्रश्न असा आला आहे: "भाचीच्या आठ वर्षांच्या मुलाला एडीएचडी असल्याचं निदान झालंय. अहवालात मराठीत 'अतिचंचलता' लिहिलंय. एका लेखात 'अवधान-न्यूनता व अतिक्रियाशीलता विकार' असं वाचलं. नेमका शब्द कोणता? आणि मुलाला एडीएचडी 'आहे' म्हणायचं की 'झालाय'?"

परवा एका लग्नात शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी पर्समध्ये किल्ली सापडेना म्हणून "मी ना, जाम एडीएचडी आहे" असं तीनदा जाहीर केलं. किल्ली चौथ्या मिनिटाला सापडली, म्हणजे आजारही बरा झाला. गंमत अशी, की त्याच क्षणी समोर भटजी 'सावधान' म्हणत होते. स + अवधान. अवधानासह. सगळा मांडव तो शब्द ऐकत होता आणि एकाचंही अवधान नव्हतं. असो.

'अतिक्रियाशीलता'वर मी वेळ घालवणार नाही. तो शब्द कारखान्यातला आहे, घरातला नाही. मला छळतो तो 'अतिचंचल'. 'चंचल' ही 'चल्' धातूची द्विरुक्ती आहे. संस्कृतात एखादी क्रिया पुन्हा पुन्हा किंवा जोरात होते असं सांगायचं असेल, तर धातूचा पहिला अक्षरतुकडा दुमडून पुढे जोडतात. चल् वरून चंचल, गम् वरून जंगम, क्रम् वरून चंक्रमण, लुप् वरून लोलुप, लस् वरून लालसा. म्हणजे 'अति' त्या शब्दाच्या पोटातच आहे. 'अतिचंचल' म्हणजे 'लेडीज बायका' झालं.

पण खरी मौज पुढे आहे. पाणिनी (३.१.२२) आधी सांगतो की ही दुमड घडवणारा प्रत्यय क्रियेची वारंवारता किंवा तीव्रता दाखवतो. आणि लगेच पुढच्याच सूत्रात म्हणतो: 'नित्यं कौटिल्ये गतौ'. धातू गतीचा असेल तर अर्थ नेहमी कौटिल्याचाच, म्हणजे वाकडं जाण्याचा. 'चंक्रम्यते' म्हणजे खूप चालतो असं नव्हे, वाकडातिकडा चालतो. (जंगम मालमत्ता कुठून कुठे वळत जाते, हे वाटणीच्या वेळी कळतंच.) हा नियम 'चंचल'ला लावून बघा. चंचल मूल म्हणजे जास्त हलणारं मूल नव्हे. ज्याची गती सरळ रेषेत राहत नाही, मध्येच फाटे घेते, ते मूल. एका शब्दात अख्खं निदान!

यावर संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक असलेले माझे एक स्नेही दर वेळी बोट वर करतात: धातुपाठात, म्हणजे धातूंच्या जुन्या यादीत, 'चल कम्पने' आहे, चल् म्हणजे कापणं, गती नव्हे, सबब सूत्र लागू नाही. सूत्राच्या अक्षराला धरून त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण चल् वरून आलेला मराठी माणूस शतकानुशतकं चालतोच आहे, कापत उभा नाही. काही जुने टीकाकार 'चञ्च्' हा वेगळाच धातू पुढे करतात. तो तर गत्यर्थकच आहे, म्हणजे प्राध्यापकसाहेबांची आणखी पंचाईत. आणि गीतेत सहाव्या अध्यायात मनाला 'चञ्चलमस्थिरम्' अशी दोन विशेषणं लागोपाठ आहेत. चंचल म्हणजे नुसतं अस्थिर असतं तर दुसरं कशाला? यावर त्यांचं उत्तर 'छंदासाठी'. छंदासाठी म्हणणं ही पंडितांची सुटकेची खिडकी आहे. शिवाय 'चञ्चलं हि मनः' ही तक्रार करणारा अर्जुन चांगला प्रौढ योद्धा आहे, तिसरीतला मुलगा नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता जर्मनीत चला. १७७५ मध्ये मेल्खिओर आडाम वायकार्ड नावाच्या वैद्याने आपल्या ग्रंथात एक प्रकरण लिहिलं. त्याला जर्मनमध्ये मथळा 'अवधानाची उणीव' आणि लॅटिनमध्ये 'अटेन्शिओ वोलुबिलिस'. वोलुबिलिस म्हणजे गरगर वळणारं, लोळणारं. ते ज्या धातूवरून आलं, त्याचा संस्कृतातला भाऊ वल्, आणि त्यावरून आपलं वळणे. 'वळवळ'ही त्याच घरची, असं माझं ठाम मत आहे. ध्वन्यनुकारी म्हणणाऱ्यांनी म्हणावं. म्हणजे वायकार्डसाहेबांचं लॅटिन शब्दशः 'वळवळं अवधान' आहे! उपाय काय सुचवले? आंबट दूध, थंड पाण्याच्या आंघोळी, घोडेस्वारी, पोलादाची पूड. उपाय जाऊ द्या. पण एकाच प्रकरणाला दोन नावं होती, एक 'उणीव' सांगणारं आणि एक 'वळण' सांगणारं. जगाने नेमकं चुकीचं उचललं. माझं सगळं भांडण एवढंच आहे.

पुढची नामकरणं वाचताना बारशाला आलेल्या आत्यांचं भांडण आठवतं. १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये व्याख्यानं देताना जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांबद्दल 'नैतिक नियंत्रणातला दोष' असा शब्दप्रयोग केला. बुद्धी शाबूत असूनही असं होतं, हे त्यांचं निरीक्षण मोलाचं. पण 'नैतिक' शब्दाने व्हायचं ते झालं. आपल्याकडे प्रगतिपुस्तकात 'हुशार आहे पण द्वाड आहे' असा शेरा असायचा, तो याच जातीचा. माझ्याही होता. मग पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मेंदूच्या दाहाची साथ आली. त्यातून वाचलेली काही मुलं अशीच सैरभैर वागू लागली, तेव्हा कारण मेंदूत शोधणं सुरू झालं. 'किमान मेंदू-इजा' असं नाव रूढ झालं. इजा दिसेना, तेव्हा १९६०च्या दशकात ते 'किमान मेंदू-बिघाड' केलं. 'किमान' हे विशेषण दिसत नसलेल्या वस्तूला फार शोभतं.

औषध मात्र चुकून सापडलं. १९३७ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या एका बालरुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली मेंदूच्या क्ष-किरण तपासणीसाठी मुलांच्या कण्यातलं पाणी काढत. त्याने मुलांचं डोकं भयंकर दुखे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं. डोकेदुखी फारशी हटली नाही, पण तीसपैकी जवळपास निम्मी मुलं अभ्यासात एकदम सुधारली. मुलांनीच त्या गोळ्यांना 'गणिताच्या गोळ्या' असं नाव ठेवलं. परिभाषा समितीपेक्षा ही मुलं सरस. उत्तेजक औषधाने चुळबुळं पोर शांत कसं होतं, याचं कोडं लोकांना तेव्हापासून पडलं आहे. 'कमी' आणि 'जास्त' एवढीच दोन मापं असली की ते पडणारच. वाकडी गती सरळ होते असं म्हणा, कोडं निम्मं सुटतं.

पुढे १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन यांनी मिथाइलफेनिडेट बनवलं. त्यांची पत्नी मार्गरीट टेनिस खेळण्याआधी ते घेई. तिला लाडाने 'रीटा' म्हणत, म्हणून औषध 'रिटालिन'. मार्गरीट म्हणजे मूळ ग्रीकमध्ये मोती, तो इराणी भाषांतून तिकडे गेलेला, फारसीत आजही 'मरवारीद'. आता कुणी म्हणेल, याचा प्रश्नाशी काय संबंध? काही नाही. पण रोज सकाळी मुलाला गोळी देणाऱ्या आईला ती मोत्याच्या नावाची आहे हे कळलं तर बिघडलं कुठे?

नावाकडे परत येतो. १९६८च्या अमेरिकी निदानपुस्तिकेत याचं नाव 'बालपणातली अतिगतिक प्रतिक्रिया' होतं. सगळा भर हातापायांवर. ज्यांच्या पायाला भिंगरी नाही, ज्या मुली खिडकीबाहेर बघत गप्प बसतात, त्या यादीतच नाहीत. मग मॉन्ट्रियलच्या व्हर्जिनिया डग्लस यांनी दाखवलं की मुख्य अडचण अवधान टिकवण्याची आणि आवर घालण्याची आहे. १९८० मध्ये नाव बदलून 'अटेन्शन डेफिसिट' झालं, १९८७ मध्ये त्यात 'हायपरअॅक्टिव्हिटी' परत घातली आणि आजची चार अक्षरं तयार झाली. डेफिसिट! तूट! जणू अवधान म्हणजे अर्थसंकल्प. ज्या मुलाला गृहपाठाची दोन वाक्यं जमत नाहीत, ते डायनासोरच्या चित्रांपुढे तीन तास मान वर करत नाही. यात तूट कुठे आहे? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी १९९७ मध्ये आत्मनियंत्रणाच्या अंगाने मांडणी केली, तेव्हा गाडी पुन्हा रुळावर आली. त्याच अमेरिकी निदानपुस्तिकेच्या २०१३च्या आवृत्तीत लक्षणं सुरू होण्याची वयोमर्यादा सातवरून बारावर नेली आणि प्रौढांसाठी निकषही वेगळे केले. अर्जुनाला रांगेत जागा मिळाली.

उपचारही आता नुसत्या गोळीवर उभे नाहीत. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७९ मुलांच्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात चौदा महिन्यांअखेर नीट देखरेखीखाली दिलेलं औषध नुसत्या वर्तन-उपचारांपेक्षा सरस ठरलं. काही वर्षांनी पाहिलं तर तो फरक विरला होता. लहानग्यांसाठी आधी पालकांचं प्रशिक्षण, हा सल्ला आता सर्वमान्य आहे. पण हे भाचीच्या डॉक्टरांना विचारा, मी व्युत्पत्तीवाला.

राहिला शब्द. मराठीत लक्ष देतात, घालतात, ठेवतात. ते जातं, उडतं, वेधलं जातं. ते हलतं. लक्षाची 'न्यूनता' मी कुणाच्या आजीच्या तोंडून ऐकलेली नाही. तेव्हा अहवालात एडीएचडीच राहू द्या, डॉक्टर बदलला तरी कळेल. घरात समजावताना 'चंचल अवधान' म्हणा, 'अति' न लावता. आणि हो, मुलाला एडीएचडी 'आहे'. 'झाला' म्हणजे काल नव्हता, आज आला. सर्दी होते तसा. हा तर जडणघडणीतलाच आहे, जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७४ टक्के निघतो. 'तो एडीएचडी आहे' हे त्या पर्सवाल्या बाईंसाठी सोडा.

फक्त गावाकडे बोलताना जपून. पायाला जखम होऊन जांघेत गाठ सुजते, तिला आमच्याकडे 'अवधान येणं' म्हणतात. 'पोराच्या अवधानाचं काहीतरी आहे' एवढं म्हणालात, तर पणजी त्याला खाटेवर आडवा पाडून आधी तळपायातला काटा शोधेल.