स्विफ्टचे पुढचे ब्रेक पॅड घरी स्वतः बदलता येतील का? गाडीसोबतचा जॅक आणि पाना पुरेल का?

येतील, पण त्या जॅकवर नाही. मी माझ्या वॅगन-आरचे पुढचे पॅड सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोनदा बदललेत, त्यावरून सांगतो. गाडीसोबत मिळणारा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो, त्याच्यावर गाडी उभी करून बोल्टला जोर लावला की गाडी डुलते आणि नेमके तेव्हा आपले हात आत असतात. जॅक स्टँडची (जॅकने उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी पाय) जोडी घ्या, ती घ्यायची नसेल तर सरळ गॅरेजला द्या. सपाट फरशी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा, हँडब्रेक ओढलेला, आणि काढलेलं चाक दरवाजाखाली आडवं सरकवून ठेवायचं, म्हणजे काही झालंच तर गाडी चाकावर बसेल, तुमच्यावर नाही.

बाकी सामान म्हणजे लांब दांड्याचा व्हील पाना, कॅलिपरच्या (चाकामागच्या चकतीवर, म्हणजे डिस्कवर, पॅड दाबणारा चिमटा) बोल्टसाठी रिंग पाना (माझ्या गाडीला १४ चा लागला, तुमचा आधी लावून बघा), सी-क्लॅम्प, वायर ब्रश, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, टॉर्क रेंच (नट ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) आणि ब्रेकसाठी वेगळं मिळतं ते सिलिकॉन ग्रीस. घरातल्या डब्यातलं साधं ग्रीस लावू नका, त्याने कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या स्लाइड पिनवरचं रबर फुगतं. आणि ती काळी धूळ तोंडाने फुंकायची नाही, स्प्रे मारून ओली करून पुसायची.

व्हील नट गाडी खाली असतानाच थोडे ढिले करा. चाक काढलं की स्टेअरिंग एका बाजूला वळवा, कॅलिपर हाताशी येतो. खालचा बोल्ट काढला की बऱ्याच गाड्यांत कॅलिपर वरती उघडतो, पूर्ण काढावा लागला तर तारेने स्प्रिंगला बांधा, ब्रेकच्या होजवर लटकू देऊ नका. मग जुना पॅड पिस्टनवर (कॅलिपरमधला पॅड ढकलणारा दट्ट्या) ठेवून सी-क्लॅम्पने हळूहळू दाबायचं, बॉनेट उघडं ठेवून, कारण पिस्टन आत गेला की वरच्या डब्यात ब्रेक ऑइल चढतं, आणि मधे कुणी टॉप-अप केलेलं असेल तर ते उतू जातं आणि जिथे पडेल तिथला रंग खातं. आधीच सिरिंजने थोडं काढून ठेवा.

आता खरी गोष्ट. पहिल्यांदा उघडलं तेव्हा माझा बाहेरचा पॅड चांगला चार-पाच मिमी होता आणि आतला जवळजवळ पत्र्याला टेकलेला. गॅरेजवाल्याने महिनाभर आधी चाकाच्या फटीतून टॉर्च मारून "पॅड आहेत अजून" सांगितलं होतं, त्याला बाहेरचाच दिसत होता ना. कारण निघालं खालची स्लाइड पिन, गंजून जाम झालेली. ती सरकली नाही की कॅलिपर सरकत नाही आणि सगळं काम पिस्टनकडचा पॅडच करतो. नुसते नवे पॅड टाकून बंद केलं असतं तर तेही तसेच गेले असते. पिन साफ करून नवीन ग्रीस लावलं, बोटाने ढकलली की सरकायला हवी, एवढं बघाच. नाही सरकली तर पिन नवी टाका.

पॅड दोन्ही चाकांचे बदलायचे पण उघडायचं एका वेळी एकच, म्हणजे अडलं तर दुसरीकडे जाऊन बघता येतं. पॅड झिजल्यावर चूं आवाज करणारी पत्र्याची छोटी जीभ असते, ती जुन्यात जिथे होती तिथेच नव्यात आली पाहिजे. फोटो काढून ठेवा.

सगळं बसवून झालं, मी खुशीत गाडी चालू केली आणि रिव्हर्स टाकला. ब्रेक दाबला तर पेडल थेट तळाला! पिस्टन मागे दाबलेला होता आणि मी पेडल पंपच केलं नव्हतं. हँडब्रेकने वाचलो, नाहीतर मागच्या ॲक्टिव्हाचं काही खरं नव्हतं. तेव्हा गाडी जागेवर असतानाच पेडल कडक होईपर्यंत पंप करा, मग ऑइलची लेव्हल बघा. व्हील नट समोरासमोरचे धरून मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क करा. मग रिकाम्या रस्त्यावर ५० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा हळू ब्रेक मारा, मधे पूर्ण थांबू नका, नंतर थोडं चालवून गार होऊ द्या.

मागच्या चाकांना ड्रम असतात, ते वेगळं काम आहे, त्यात आत्ता पडू नका. डिस्कला खोल चरे असतील किंवा कुठे ऑइलचा ओलावा दिसला तर तिथेच थांबा आणि मेकॅनिकला बोलवा.

मला पहिल्या वेळी साडेतीन तास लागले, त्यातला अर्धा वेळ एका बोल्टवर गेला. रविवार धरू नका, आमच्याकडे स्पेअरची दुकानं दुपारनंतर बंद असतात आणि गाडी स्टँडवर उघडी असताना एक क्लिप तुटली तर सोमवारी रिक्षाने ऑफिस. मी आता शनिवारी सकाळीच काढतो.