स्विचच्या आतला ब्रेक बाहेरचा फॉर लूप का थांबवत नाही?

तुमच्या सी प्रोग्रॅममध्ये फॉरच्या आत स्विच आहे, एका केसमध्ये ब्रेक लिहिलाय, तरी लूप चालूच राहतो. कंपायलर बरोबरच वागतोय. ब्रेक ज्या लूपच्या किंवा स्विचच्या आत आहे, त्यांतल्या सगळ्यात जवळच्यातून तो बाहेर पडतो. इथे जवळचा आहे स्विच, त्यामुळे तुमची उडी तेवढ्यावरच संपते. इफ या हिशेबात धरतच नाहीत.

हे किरकोळ वाटेल, पण १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेत एटी अँड टीचं लांब पल्ल्याच्या फोनचं जाळं सुमारे नऊ तास कोलमडलं होतं, ते अशाच एका ब्रेकमुळे. स्विचच्या आत इफ, त्यात ब्रेक. सुटका व्हायची ती इफमधून, झाली स्विचमधून, आणि पुढचं आवश्यक काम राहून गेलं.

कंटिन्यूचं, म्हणजे चालू फेरी सोडून पुढच्या फेरीला जाण्याचं, वेगळं. स्विचशी त्याला देणंघेणं नाही, तो थेट लूपलाच लागू होतो. फॉरमध्ये तो आधी आय++ करून (म्हणजे मोजणी एकाने वाढवून) मग अट तपासतो. व्हाइलमध्ये मात्र थेट अटीवर जातो, म्हणून आय++ त्याच्या खाली लिहिलं असेल तर त्या फेरीत ते चालणारच नाही आणि प्रोग्रॅम तिथेच गरगरत राहू शकतो. नवशिक्यांचे निम्मे ‘हँग झाला’ इथलेच असावेत!

रिटर्न तर अख्ख्या फंक्शनमधूनच बाहेर काढतो. म्हणून तुमच्या अडचणीत मी लूप वेगळ्या फंक्शनमध्ये टाकून आतून रिटर्न करेन. फ्लॅग, म्हणजे ‘आता थांबायचं’ अशी खूण सांगणारं व्हेरिएबल, ठेवूनही जमतं, पण दोन-तीन फ्लॅग झाले की कोड वाचवत नाही. जावात लूपला लेबल देऊन ‘ब्रेक अमुक’ असं लिहिता येतं, सीमध्ये ती सोय नाही.

राहिला गोटू, म्हणजे सांगितलेल्या लेबलवर थेट उडी. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९६८ साली त्याच्याविरुद्ध पत्र लिहिलं, तेव्हापासून कॉलेजात त्याचं नाव काढलं तरी मार्क जातात. मला हा सोवळेपणा पटत नाही. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, गोटू सर्रास दिसतो: मध्येच काही फसलं की फंक्शनच्या शेवटी असलेल्या लेबलवर उडी मारायची आणि तोवर घेतलेली मेमरी, लॉक वगैरे उलट्या क्रमाने सोडायचे. तुमच्या लूपमधून बाहेर पडायलाही तो चालेल. फक्त लेबल त्याच फंक्शनमध्ये हवं, आणि उडी खालच्या दिशेने असावी. वर उडी मारायची वेळ आली तर सरळ लूपच लिहा.